आयरिश नटाची मुलगी आणि तिच्या नायिका

गतकाळातील एखाद्या खऱ्या संघर्षाच्या पार्श्वभूमीवर काल्पनिक स्त्रीपुरुषांची प्रेमकथा रचणारी ऐतिहासिक प्रेमकादंबरी इंग्रजीत आजही मोठ्या प्रमाणावर वाचली जाते, आणि तिच्यात सामान्य आयरिश घरातून आलेली नायिका इतक्या वेळा भेटते की तिची कुळकथा विचारावी असे वाचकाला सहसा वाटत नाही. तिच्याजवळ जमीन नसते, पैसा नसतो, तिच्या लोकांचा पराभव झालेला असतो. पण तिला गाणे येते, आपल्या गावाच्या कथा पाठ असतात, आणि तिला हिणवायला आलेला परका पुरुष अखेर तिच्याकडूनच तो देश समजून घेतो. या नायिकेचा माग काढत मागे गेले, तर वाट १८०६ सालच्या एका कादंबरीपाशी आणि ती लिहिणाऱ्या एका नटाच्या मुलीपाशी पोहोचते. आणि तिथून पुढे ती अनपेक्षितपणे गोव्याकडे, वसईच्या खाडीकडे आणि तुळजापूरकडे वळते. मराठी वाचकाने या नायिकेशी ओळख करून घ्यावी, याचे खरे कारण ही वळणेच आहेत.

सिडनी ओवेन्सन ही ती लेखिका. तिने आपले जन्मवर्ष आयुष्यभर दडवून ठेवले, त्यामुळे ती अठराव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत केव्हा तरी जन्मली एवढेच सांगणे योग्य ठरते. तिचे वडील रॉबर्ट ओवेन्सन हे कोनाख्त या आयर्लंडच्या पश्चिमेकडील प्रांतातले. मॅकओवेन हे मूळचे आयरिश आडनाव इंग्रजी वळणाचे करून घेऊन ते रंगभूमीवर उतरले, आयरिश गाण्यांसाठी नावाजले गेले, आणि नाटकाच्या धंद्यात कर्जबाजारी झाले. आई इंग्रज आणि प्रॉटेस्टंट होती. मुलींच्या शिक्षणाला आणि घरखर्चाला पैसा उरला नाही, तेव्हा सिडनीने श्रीमंत कुटुंबात राहून त्यांच्या मुलांना शिकवणाऱ्या पगारी शिक्षिकेची नोकरी धरली. अशा शिक्षिकेचे त्या काळी मोठे अवघड असे: मालकांच्या पंगतीत तिला हक्काची जागा नसे आणि नोकरांच्या ओसरीवर बसणे तिच्या शिक्षणाला शोभत नसे. या नोकरीत असतानाच तिने लिहायला सुरुवात केली, कविता आणि दोन कादंबऱ्या प्रसिद्ध केल्या, आयरिश चाली गोळा करून त्यांवर इंग्रजी गीते रचली, आणि १८०६ मध्ये ‘द वाइल्ड आयरिश गर्ल’ ही कादंबरी लंडनहून प्रसिद्ध केली.

या कादंबरीचे महत्त्व कळण्यासाठी त्या वेळच्या आयर्लंडची स्थिती थोडक्यात ध्यानात घ्यावी लागते. सतराव्या शतकात इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या फौजांनी देश जिंकल्यावर कॅथलिक आयरिश घराण्यांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर काढून घेऊन इंग्रज प्रॉटेस्टंटांना देण्यात आल्या. पुढच्या शतकात कॅथलिकांच्या मालमत्तेवर, शिक्षणावर आणि सरकारी अधिकारपदांवर निर्बंध घालणारे कायदे झाले. १७९८ चा उठाव चिरडला गेला. आणि १ जानेवारी १८०१ पासून डब्लिनची स्वतंत्र संसद बरखास्त होऊन आयर्लंड ब्रिटनमध्ये विलीन करण्यात आले. लंडनच्या वाचकाच्या मनात आयरिश माणूस म्हणजे रानटी, आळशी आणि बंडखोर अशीच प्रतिमा होती. सिडनी ओवेन्सनने शीर्षकात ‘रानटी मुलगी’ असे म्हणून ती प्रतिमाच हातात घेतली आणि पानापानाला ती खोडून काढली.

कथा अशी आहे. होरेशिओ या उधळ्या इंग्रज सरदारपुत्राला त्याचा बाप शिक्षा म्हणून कोनाख्तच्या किनाऱ्यावरील आपल्या जमीनदारीवर पाठवतो. ही जमीन त्याच्या पूर्वजाने तिथल्या आयरिश राजघराण्यातील पुरुषाला ठार मारून बळकावलेली असते, आणि त्या घराण्याचा अखेरचा वृद्ध वंशज आपली मुलगी ग्लॉर्विना आणि एक कॅथलिक पाद्री यांच्यासह समुद्रालगतच्या पडक्या गढीत राहत असतो. तिच्या वीणेसारख्या तंतुवाद्याचे, म्हणजे आयरिश हार्पचे, सूर ऐकण्यासाठी होरेशिओ गढीच्या भिंतीवर चढतो, पडून जखमी होतो, आणि खरे नाव लपवून फिरता चित्रकार म्हणून त्याच घरात राहू लागतो. ग्लॉर्विना त्याला आयरिश भाषा शिकवते, तो तिला चित्रकला शिकवतो. पण खरा विद्यार्थी तोच आहे, हे वाचकाला लवकर उमगते. शेवटी दोघांचा विवाह होतो, आणि बळकावणारे व गमावणारे घराणे एक होते.

ग्लॉर्विना जन्माने राजकन्या असली तरी तिच्या घरात पुढच्या महिन्याची शाश्वती नाही, आणि या कादंबरीचे खरे बळ इथेच आहे: नायिकेचे दारिद्र्य हे दैवाचे देणे म्हणून येत नाही, ते एका राज्यव्यवस्थेने केलेल्या लुटीचा परिणाम म्हणून दाखवले जाते. लेखिकेने कथेखाली तळटिपांची अक्षरशः दुसरी कादंबरी रचली आहे. पोशाख, वाद्ये, जुने कायदे, म्हणी, शेतकऱ्याचे जेवण, सर्वांवर टिपा आहेत, आणि इंग्रज इतिहासकारांच्या विधानांना त्यांत सरळ उत्तरे दिलेली आहेत. प्रेमकथेसाठी पुस्तक उघडणाऱ्या वाचकाला या टिपा अडथळ्यासारख्या वाटतात, हे खरे. पण ज्या लोकांच्या इतिहासाला विद्यापीठांत जागा नव्हती, त्यांचा इतिहास छापून आणण्याची ती एका तरुण स्त्रीला सापडलेली एकमेव जागा होती, आणि या दृष्टीने पाहिले की त्या टिपा वाचताना आदर वाटल्याशिवाय राहत नाही. कादंबरीच्या मुखपृष्ठावर तिने ‘राष्ट्रीय कथा’ असे उपशीर्षक दिले, आणि पुढे याच नावाने एक कादंबरीप्रकार ओळखला जाऊ लागला.

पुस्तक अतोनात खपले. डब्लिनच्या स्त्रिया ग्लॉर्विनाच्या नावाचे केसांत खोवण्याचे आकडे आणि अंगावरचे झगे वापरू लागल्या, आणि लेखिकेलाच लोक ग्लॉर्विना म्हणू लागले. तिनेही ते नाव स्वीकारले; उमरावांच्या दिवाणखान्यांत आयरिश पेहराव करून ती हार्प वाजवत असे. जॉन विल्सन क्रोकर या समीक्षकाने तिच्यावर वर्षानुवर्षे विखारी टीका केली, तिचे वय, तिचे घराणे, तिची भाषा, काहीही सोडले नाही, पण तिने लिहिणे थांबवले नाही. १८१२ मध्ये तिचा विवाह डॉ. चार्ल्स मॉर्गन यांच्याशी झाला, आणि १८३७ मध्ये ब्रिटिश सरकारने साहित्यसेवेसाठी तिला वर्षाला ३०० पौंडांचे निवृत्तिवेतन दिले; लेखनासाठी असे वेतन मिळालेली ती पहिली स्त्री मानली जाते. एका कर्जबाजारी नटाच्या मुलीचा हा प्रवास तिच्या कोणत्याही नायिकेच्या प्रवासाइतकाच विलक्षण आहे.

विवाहाच्या आदल्या वर्षी, १८११ मध्ये, तिने लिहिलेली ‘द मिशनरी’ ही भारतीय कथा मराठी प्रदेशाच्या अगदी जवळची आहे. काळ सतराव्या शतकाच्या पूर्वार्धाचा, १५८० ते १६४० या कालखंडात मोडणारा, जेव्हा पोर्तुगाल स्वतःच स्पेनच्या राजाच्या अमलाखाली होता. हिलॅरियन हा पोर्तुगीज उमराव घराण्यातला फ्रान्सिस्कन संन्यासी, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसने घालून दिलेले दारिद्र्याचे व्रत पाळणारा धर्मप्रचारक, गोव्याला येतो आणि तिथून काश्मीरला जातो. तिथल्या धर्मगुरूची नात लक्षिमा ही तरुण विधवा आणि पूजनीय योगिनी. तिचे धर्मांतर झाले तर सारा देश मागोमाग येईल, अशा हिशेबाने तो तिच्याकडे जातो, आणि दोघे एकमेकांच्या प्रेमात पडतात. लक्षिमाला तिचे लोक जातीबाहेर टाकतात, हिलॅरियनला त्याच्याच धर्माचे अधिकारी पकडतात, आणि दोघांना गोव्यात आणले जाते.

गोव्यातील अधिकारी म्हणजे इन्क्विझिशन, कॅथलिक धर्ममतापासून ढळलेल्यांची चौकशी करून त्यांना शिक्षा देणारे न्यायासन. ते गोव्यात १५६० मध्ये स्थापन झाले आणि अठराव्या शतकातील थोड्या वर्षांचा खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. त्याच्या शिक्षा मोठ्या जाहीर समारंभात सुनावल्या जात. त्या समारंभाला ऑटो-दा-फे म्हणत, आणि जिवंत जाळण्याची शिक्षा झालेल्यांना त्यानंतर चितेकडे नेले जाई. कादंबरीच्या अखेरीस हिलॅरियन अशा चितेपुढे उभा असताना दुःखाने भान हरपलेली लक्षिमा तिथे येते, ती चिता आपल्या पतीची आहे असे समजून सती जायला धावते, आणि तिला पाहून जमलेले हिंदू लोक उठाव करतात. त्या धुमश्चक्रीत हिलॅरियनवर उगारलेला घाव ती आपल्या अंगावर घेते आणि पुढे त्याच जखमेने मरते. दोन धर्मांच्या दोन क्रूर प्रथा एकाच आगीत दाखवण्याची ही कल्पना फार धाडसी आहे, आणि ती एका आयरिश स्त्रीला सुचावी यात नवल नाही, कारण एका परक्या सत्तेने दुसऱ्याचा धर्म बदलायला निघावे आणि ती सत्ता स्वतःही तिसऱ्याची अंकित असावी, ही गुंतागुंत तिने आपल्या देशात जवळून पाहिली होती. १८०६ मध्ये वेल्लोरला शिपायांनी धर्म बुडवला जाण्याच्या भयातून केलेल्या उठावाची बातमी अजून ताजी होती, आणि लंडनच्या वाचकाला गोव्याच्या गर्दीत वेल्लोरची गर्दी दिसल्याशिवाय राहिली नसेल.

सिडनी ओवेन्सन भारतात कधीच आली नाही. काश्मीर तिला फ्रेंच प्रवासी बर्निएच्या वर्णनातून माहीत होते, हिंदू धर्म विल्यम जोन्सच्या लेखनातून, आणि इन्क्विझिशनचे रूप युरोपला ज्या पुस्तकाने प्रथम तपशिलाने दाखवले ते शार्ल देलों या फ्रेंच वैद्याचे होते. देलोंला १६७३ मध्ये दमणला अटक झाली, तिथून त्याला वसईला आणून कोठडीत ठेवले, आणि मग समुद्रमार्गे गोव्याला नेले. जानेवारी १६७६ च्या ऑटो-दा-फेमध्ये त्याला शिक्षा सुनावण्यात आली, आणि सुटकेनंतर १६८७ मध्ये त्याने आपली हकीकत छापली. मराठी भाषेचे थोर अभ्यासक अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गोव्याच्या इन्क्विझिशनवरील इंग्रजी ग्रंथात देलोंची ही हकीकत समाविष्ट केली आहे, त्यामुळे लक्षिमाच्या कथेमागील वास्तव तपासण्याचे साधन मराठी माणसाच्याच परिश्रमातून उपलब्ध झाले आहे.

देलोंला ज्या वसईत कोंडले होते तिच्या समोरचा खाडीचा काठ म्हणजे आजचे भाईंदर. १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई आणि तिच्याभोवतीचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, तेव्हापासून घोडबंदर, भाईंदर, डोंगरी, उत्तन हा सारा पट्टा मराठी कागदपत्रांत ज्याला फिरंगाण म्हटले आहे त्या प्रांतात गेला. हिलॅरियनचे खरे पूर्वसुरी याच भागात वावरत होते: फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियो दो पोर्तो याने सोळाव्या शतकात साष्टी आणि वसईत धर्मप्रसार केला, आणि मीरा-भाईंदरच्या दक्षिणेला बोरिवलीजवळील मंडपेश्वरच्या शैव लेण्याचे चर्चमध्ये रूपांतर झाले, त्याच्या माथ्यावरील मठाचे अवशेष आजही उभे आहेत. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखालील मोहिमेत घोडबंदर, उत्तनजवळचे धारावीचे ठाणे आणि शेवटी मे १७३९ मध्ये वसई मराठ्यांच्या हाती आली. पोर्तुगीजांची सत्ता गेली, पण ज्यांचे पूर्वज ख्रिस्ती झाले होते ती कोळी आणि इतर कुटुंबे इथेच राहिली, मराठीच्या आपापल्या बोली बोलत राहिली, आणि पुढे ईस्ट इंडियन या नावाने ओळखली जाऊ लागली.

हा परिसर समोर ठेवून ‘द मिशनरी’ वाचली की तिची उणीव नेमकी जाणवते. धर्मांतराचा खरा भार फिरंगाणात वाहिला तो मासळी विकणाऱ्या, भात लावणाऱ्या, मिठागरांत राबणाऱ्या बायकांनी. नवे नाव घेऊनही लुगडे, लग्नातली गाणी आणि माहेरची नाती सांभाळण्याची तारेवरची कसरत त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. सिडनी ओवेन्सनला मात्र नायिका म्हणून काश्मीरची ब्राह्मण योगिनीच हवी होती, कारण तिने वाचलेल्या युरोपीय ग्रंथांत भारत म्हणजे ब्राह्मणांचा प्राचीन धर्म एवढाच होता. स्वतः गरिबीत वाढलेल्या आणि आयरिश शेतकऱ्याच्या जेवणावर तळटीप लिहिणाऱ्या लेखिकेला भारताच्या बाबतीत उत्तनची कोळीण दिसली नाही, ही तिची मर्यादा मोठी आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. तरीही लक्षिमा केवळ शोभेची बाहुली होत नाही. ती हिलॅरियनशी वाद घालते, त्याच्या देवाच्या कल्पनेतले कठोरपण त्याला दाखवते, आणि अखेरपर्यंत आपल्या मूळ श्रद्धेला पुरती अंतरत नाही. कवी शेलीने ही कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी मित्राला लिहिलेल्या पत्रात लक्षिमाचे भरभरून कौतुक केले होते.

आयर्लंडची खरोखर सामान्य घरातली मुलगी कादंबरीची नायिका व्हायला आणखी काही वर्षे जावी लागली, आणि ती आली तीही एका खुनाच्या खटल्यातून. १८१९ मध्ये लिमरिक परगण्यातील एलन हॅन्ली या अवघ्या पंधरा वर्षांच्या मुलीशी जॉन स्कॅनलन या जमीनदार घराण्यातील तरुणाने गुपचूप लग्न केले आणि काही आठवड्यांतच नोकराकरवी तिला शॅनन नदीत मारून टाकवले; नामांकित वकील डॅनियल ओकॉनेलने बचाव करूनही स्कॅनलनला फाशी झाली. जेराल्ड ग्रिफिनने १८२९ मध्ये यावरून ‘द कॉलेजियन्स’ ही कादंबरी लिहिली, जिच्यात ही मुलगी दोर वळणाऱ्या कारागिराची लेक आयली ओकॉनर होते. १८६० मध्ये डायन बूसिकॉल्टने त्यावर नाटक रचले आणि नाटकात आयलीला जिवंत ठेवले. प्रेक्षकांना हा बदल मनापासून आवडला.

गरीब मुलीला अखेरीस मारायचे की वाचवायचे, हा प्रश्न लेखकाच्या मर्जीचा वाटतो, पण त्यात एका समाजाने दुसऱ्याकडे पाहण्याची रीत दडलेली असते, आणि याच ठिकाणी तुळजापूरच्या ताराची कथा महत्त्वाची ठरते. फिलिप मेडोज टेलर हा लिव्हरपूलला जन्मलेला इंग्रज १८२४ मध्ये पोरवयात मुंबईला आला, निजामाच्या नोकरीत शिरला, आणि ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या १८३९ च्या कादंबरीने प्रसिद्ध झाला. १८५३ पासून काही वर्षे नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार त्याच्याकडे होता. नळदुर्गच्या किल्ल्यात तो राहत असे आणि तुळजापूर त्याच्या अमलाखाली येत असे. १८६० मध्ये तो भारत सोडून डब्लिनच्या हॅरल्ड्स क्रॉस भागात स्थायिक झाला, आणि तिथेच त्याने ‘तारा: अ मराठा टेल’ ही कादंबरी लिहून १८६३ मध्ये प्रसिद्ध केली. ग्लॉर्विनाच्या देशात बसून बालाघाटाच्या डोंगरातील मुलीची कथा लिहिली गेली, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

तारा ही तुळजाभवानीच्या मंदिरातील पुजारी व्यासशास्त्री यांची मुलगी, संस्कृत शिकलेली बालविधवा. देवीच्या सेवेला ती वाहून घेते, अफझलखानाच्या फौजेचा तुळजापूरवर हल्ला होतो, आणि खानाचा मुलगा फाझिल तिला आसरा देतो. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा वध होतो. तारावर डोळा ठेवणाऱ्या मोरो त्रिमळपासून सुटण्यासाठी तिच्यावर सती जाण्याची वेळ येते, आणि फाझिल तिला चितेवरून सोडवून नेतो. विधवा ब्राह्मण मुलगी जिवंत राहते आणि मुसलमान सरदारपुत्राशी लग्न करते, हा शेवट १८६३ मध्ये लिहिणे सोपे नव्हते. लक्षिमा जिथे मेली तिथे तारा वाचली, आणि या दोघींमध्ये १८२९ चा सतीबंदीचा कायदा आणि १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा उभा आहे.

टेलरने मराठी मुलूख डोळ्यांनी पाहिला होता, आणि घाटांची, बाजारांची, देवळांतील गर्दीची त्याची वर्णने आजही खरी वाटतात. चुकाही आहेत. त्याने कथेचा काळ १६५७ धरला, कारण त्याला १६५७, १७५७ आणि १८५७ अशी शतकाशतकाच्या अंतराने तीन कादंबऱ्यांची साखळी बांधायची होती. अफझलखानाचा वध प्रत्यक्षात १० नोव्हेंबर १६५९ चा आहे. ताराला तो मुरळी म्हणतो, पण मुरळी खंडोबाला वाहिली जात असे, तुळजाभवानीच्या उपासकांना आराधी म्हणतात. शिवाजी महाराजांच्या बाजूची माणसे रंगवताना त्याची लेखणी कारस्थानाकडे झुकते, आणि फाझिलच्या वाट्याला सारे औदार्य येते; इथे निजामाच्या चाकरीत गेलेली त्याची वर्षे बोलतात. पण ताराचे एकटेपण, माहेरी असूनही परकी ठरलेल्या तरुण विधवेचे दिवस, हे त्याने ज्या हळुवारपणे लिहिले तसे इंग्रजीत तोवर क्वचितच कोणी लिहिले होते.

मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून गणली जाणारी रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ ची, म्हणजे ‘तारा’नंतर आठ वर्षांनी आलेली. तेव्हापासून गड, मोहिमा आणि कर्तबगार पुरुष यांनी मराठी ऐतिहासिक कादंबरी भरून गेली, आणि तिच्यातील स्त्रिया बहुतेक राजघराण्यांतल्या राहिल्या. याउलट सिडनी ओवेन्सनने १८५७ च्या उठावानंतर आपली ‘द मिशनरी’ पुन्हा हाती घेतली, ती सुधारली, आणि ‘लक्षिमा’ असे नायिकेचे नाव शीर्षकात घालून १८५९ मध्ये, आपल्या मृत्यूच्या वर्षी, पुन्हा छापायला दिली. ग्लॉर्विना, लक्षिमा आणि तारा या तिघींच्या कथांवरील लेखनहक्क कधीच संपले असल्याने त्या आज कोणालाही मुक्तपणे भाषांतरित करता येतात. ‘द मिशनरी’चा सटीप मराठी अनुवाद झाला, तर त्याच्या टिपा लिहिताना वसई, उत्तन आणि डोंगरीच्या जुन्या चर्चमधील नोंदवह्या, ईस्ट इंडियन समाजाची लग्नगीते आणि फिरंगाणाविषयीचे पेशवेकालीन कागद ही सामग्री अनुवादकाच्या हाताशी असेल, आणि लेखिकेला जी स्त्री दिसली नाही तिला निदान तळटिपांत तरी नावानिशी आणता येईल.